नोकरी लागल्याबद्दल

माझी डावी बाजू जन्मापासून अर्धवट आहे. डावा हात मनगटात वळलेला, बोटं मिटलेली, आणि पाय ओढत चालणारा. डोक्याला काही झालेलं नाही. तोंडाला तर नाहीच, उलट डाव्या बाजूची सगळी ताकद तोंडात उतरलीय असं माझी माय म्हणते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात माझा हात किती वर जातो याला फार महत्त्व आहे.

माझं लहानपण तिळाच्या तेलाच्या वासात गेलं. माय गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवायची. दुपारी घरी आली की मला भिंतीशी बसवायची, दंडापासून बोटांपर्यंत तेल चोळायची आणि म्हणायची, "वर कर. आजून वर. आजून थोडा." भिंतीवर तिनं कोळशानं एक रेघ ओढली होती. हात रेघेला लागला की गुळाचा खडा मिळायचा. दोन-चार महिन्यांनी ती रेघ बोटभर वर सरकायची. दहा-बारा वर्षांत ती माझ्या खांद्याच्याही वर गेली. बाबा गवंडी. घराला चुना द्यायची वेळ आली की माय त्यांना तेवढा पट्टा सोडायला लावायची, आणि बाबा कुरकुर न करता सोडायचे.

अठरा पूर्ण झाले तशी माझ्या अपंगाच्या दाखल्याची मुदत संपली. लहान मुलाचा दाखला वेगळा, मोठ्या माणसाचा वेगळा. आतापर्यंत माझा हात एका पोरीचा वाकडा होता, तो आता बाईचाही वाकडा आहे का ते नव्यानं बघायचं होतं. तपासणीच्या दिवशी आम्ही तिघंही परभणीला गेलो. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात रांग लागलेली. बाबा माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "बाई, हात लय वर करू नगं."

"कामून?"

"टक्के कमी लागतेत. तिकडल्या वस्तीतल्या पोराचे असेच कमी लागले. पगार बसला न्हाई त्याचा."

माय शेजारीच उभी होती. तिनं पदरानं नुसतं तोंड पुसलं. आत डॉक्टर म्हणाले, "हात वर करा." मी छातीपर्यंत नेला आणि थांबवला. "एवढाच जातो?" "एवढाच." मोठी झाल्यावर सरकारशी बोललेलं माझं हे पहिलं वाक्य, आणि ते खोटं होतं. बाहेर आल्यावर आम्ही गाड्यावर चहा घेतला. परतीच्या रिक्षात माय माझा डावा हात आपल्या मांडीवर घेऊन बसली होती.

बाबा पगार म्हणाले ते निराधार योजनेचे पैसे. आमच्याकडं सगळेच त्याला पगार म्हणतात. म्हाताऱ्यांचा पगार, विधवांचा पगार, अपंगांचा पगार. घाम गाळून जे मिळतं त्याला मात्र रोज म्हणतात, हजेरी म्हणतात, नुसते पैसे म्हणतात. पगार फक्त न चुकता येणाऱ्या गोष्टीला म्हणायचं. तसा तो चुकायचाही, कधी दोन महिन्यांचा एकदम यायचा, पण यायचा. माझं नाव यादीत लागलं त्या दिवशी मायनं शेजारणींना साखर वाटली. रकमेचं तिला एवढं नव्हतं. तिला एकच घोर होता आणि तो ती रोज बोलून दाखवायची, "आमी दोघं गेल्यावर हिचं कसं? भाऊ न्हाई, लग्नाचं कोण विचारना. ह्यो पगार तेवढा मरेपर्यंत हाय." तिच्या लेखी ते पैसे नव्हतेच. ती गेल्यानंतर माझ्याजवळ राहणारं कुणीतरी होतं ते.

मी बी.ए. झाले. अपंगांच्या जागांसाठी परीक्षा दिल्या, एकदा दोन मार्कांनी राहिले, मग पाच मार्कांनी, मग जाहिरातच निघाली नाही. तीन वर्षं घरात बसून होते. घरात बसणं काय असतं ते बसलेल्यालाच कळतं. सकाळी सगळे कामाला जातात, गल्ली रिकामी होते, आणि आपण, दोन म्हाताऱ्या आणि कोंबड्या एवढेच उरतो. म्हाताऱ्यांनासुद्धा मला बघून बरं वाटायचं, आपल्याहून कमी चालणारं कुणीतरी आहे म्हणून.

मग ते काम मिळालं. परभणीला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एक डोळ्यांचा दवाखाना आहे. मायला चष्मा लावायला गेलो होतो, तिथं खिडकीवर केसपेपर लिहायला कुणी नव्हतं आणि गर्दीत नुसता गोंधळ चालला होता. मी मायचा कागद स्वतःच लिहून डॉक्टरांपुढं ठेवला. त्यांनी तो पाहिला, मला पाहिलं, हाताकडं पाहिलं आणि विचारलं, "अक्षर तुझं?" सोमवारपासून ये म्हणाले.

मला ते काम फार आवडलं. यात लाजण्यासारखं काही नाही. नाव, वय, गाव, काय त्रास, केव्हापासून. उजव्या हातानं लिहायचं, डाव्या कोपरानं कागद दाबून धरायचा. डोळ्यांचे पेशंट म्हणजे बहुतेक म्हातारे. वय विचारलं की म्हणतात, "तूच लिही की अंदाजानं." मी पासष्ट लिहायचे, ते सत्तर सांगून भांडायचे. कुणाला थेंब किती वेळा घालायचे ते दहादा सांगावं लागायचं. मी अकराव्यांदा सांगायचे. घरी कुणाला कशाची सवड नसताना मी एकटीच रिकामी असायचे, इथं माझ्यावाचून माणसांचं अडत होतं. सकाळी आठला गाव सोडायचे आणि अंधार पडायच्या आत परत. दमायचे, पाय सुजायचा. पण ते दमणं माझ्या मालकीचं होतं.

तीन-चार महिने असे गेले. मग जयंती आली. आमच्या वस्तीत जयंतीला मिरवणुकीच्या आदल्या दिवशी सत्काराचा कार्यक्रम असतो. दहावी-बारावीत पहिले आलेले, पोलिसात भरती झालेले, नोकरी लागलेले, सगळ्यांना शाल, नारळ आणि एक पुस्तक. हे आमच्याकडं साधं नाही. आजोबांच्या पिढीनं दुसऱ्याच्या वाड्यावर राबून काढलं, म्हणून नोकरी लागलेलं पोर म्हणजे साऱ्या वस्तीनं जिंकलेली लढाई. वर्गणीत कुणी मागं राहत नाही, आणि नावं सांगायला आईबापांची चढाओढ असते.

बाबांनी माझं नाव देऊन टाकलं. मला विचारलं नाही. फाट्यावर फ्लेक्स लागला तेव्हाच कळलं. भरतीला लागलेला एक पोरगा, नर्स झालेली एक पोरगी आणि तिसरी मी, बी.ए.च्या फोटोतली, केस चापूनचोपून बसवलेले. वर मोठ्या अक्षरांत 'नोकरी लागल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. मी बाबांवर चिडले. "बाबा, ही काय नोकरी हाय का? आज हाय, उद्या न्हाई." बाबा म्हणाले, "लोकाच्या पोराचे फोटू मी धा वर्सं बघत आलो. माझ्या लेकरानं काय पाप केलं?" कार्यक्रमात शाल घेतली, नारळ घेतला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि खरं सांगायचं तर मला रडू आलं. आनंदानंच आलं.

गावात एकदा एखादी गोष्ट पसरली की ती आपली राहत नाही. कुणी म्हणालं, अपंगाच्या कोट्यातनं सरकारी लागली. कुणी पगाराचा आकडा लावला. मी पहिलं पहिलं समजावून सांगितलं, मग सोडून दिलं. तेवढी किंमत मिळते आहे तर मिळू दे, असं मलाही आत कुठंतरी वाटलं असणार. चूक एकट्या बाबांची नव्हती.

पुढं हिवाळ्यात निराधारांच्या यादीची वर्षाची तपासणी आली. तलाठी मॅडम चावडीवर बसतात, एकेक नाव वाचतात, कोण जिवंत, कोण गेलं, कोण गाव सोडून गेलं ते विचारतात. मी कामावर होते, म्हणून माय माझे कागद घेऊन गेली होती, आणि बाबा जवळच एका ओट्याचं काम करत होते ते हात धुवून आले. पुढचं मला मायनं सांगितलं. मॅडमनी माझं नाव वाचलं. माय "हाय" म्हणायला तोंड उघडते न उघडते तोच मागून कुणीतरी ओरडलं, "ती नोकरीला लागली की!" दुसरा म्हणाला, "आपल्या वस्तीतली पोरगी हाय मॅडम, असल्या अंगानं बी लागली." कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. पाहुण्या बाईपुढं गावाची पोरगी मिरवत होते ते. मॅडमनी विचारलं, "खरं का?" माय बाबांचा सदरा ओढत होती. बाबा म्हणाले, "व्हय मॅडम. रोज सकाळी आठला जाती. कुणाचा हात धरावा लागत न्हाई तिला."

मॅडमनी पेनानं नावापुढं काहीतरी लिहिलं. त्यांनी करायला पाहिजे होतं तेच केलं. त्यांच्यावर माझा राग नाही, होता तेव्हाही फार दिवस टिकला नाही.

गावात अंगठ्यावर पैसे देणारा एक मशिनवाला आहे. त्या महिन्यात माय मला घेऊन गेली, तो म्हणाला, "आलं न्हाई." पुढच्या महिन्यात, आलं न्हाई. तिसऱ्या महिन्यात त्यानं आम्हाला लांबूनच पाहून मान हलवली. तोवर उन्हाळा लागला होता, आणि डॉक्टर महिनाभर मुलाकडं परदेशी गेले. दवाखाना बंद, माझे पैसेही बंद. त्या महिन्यात घरात माझ्या नावानं एक छदाम आला नाही. मायनं बाबांशी बोलणं टाकलं होतं. माझ्याशी मात्र ती एकच वाक्य बोलायची, "हातचं सोडून पळत्याच्या मागं लागलीस."

मी आणि बाबा तहसीलला गेलो. खिडकीतल्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी उठून मला स्टूल दिलं, कागद काढून समजावलं. नोकरीचा शेरा आहे. नोकरीचे पैसे घरच्या उत्पन्नात धरले की मर्यादेच्या वर जातं. मी म्हणाले, "मॅडम, या महिन्यात तर मला काहीच मिळालं नाही."

"महिन्याचं बघत नाहीत. एका महिन्याचं बारानं गुणतात."

"पण बारा महिने काम असेलच असं नाही ना?"

"ते मला कळतं गं. फॉर्मला नाही कळत."

मग बाबांनी विचारलं, "ताई, हिनं थोडंच काम केलं, अर्धा दिवस, तर अर्धा पगार देता येत न्हाई का?" मला वाटतं, त्या दिवशी त्या कार्यालयात विचारला गेलेला सगळ्यात शहाणा प्रश्न तोच होता. बाई हसल्या, वाईट नाही हसल्या. असं काही नसतं काका, म्हणाल्या. एकतर पूर्ण निराधार, नाहीतर काहीच नाही. पुन्हा नाव लावायचं तर काम सोडल्याचं पत्र आणा, उत्पन्नाचा नवा दाखला आणा, आणि हे घोषणापत्र भरा.

बाहेर लिंबाखाली बसून मी ते घोषणापत्र भरलं. अर्ज लिहून देणारे तिथं होते, पण आमच्या घरात अक्षर माझंच चांगलं. बाबांना सही येते, वाचायला अडखळतात. म्हणाले, "काय लिवलंय ते वाच तरी." मी वाचलं, "मी कोणतीही नोकरी अथवा व्यवसाय करीत नाही व अपंगत्वामुळे करण्यास असमर्थ आहे."

बाबांनी कागदावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "करत न्हाई, एवढंच लिही की. करू शकत न्हाई असं कामून लिवायचं?"

"छापीलच आहे बाबा."

"खोडता येत न्हाई का?"

"खोडलं तर परत पाठवतेत."

साक्षीदाराच्या जागी त्यांची सही लागणार होती. पेन धरून ते तसेच बसले. त्यांनी बांधलेल्या भिंतीला ओळंबा चुकलेला मी कधी पाहिला नाही, पण त्या कागदावर त्यांची सही रेघ सोडून खाली उतरली. उठताना म्हणाले, "चाल, रस पिऊ." रसवंतीवर त्यांनी स्वतःला घेतला नाही, मला एकटीला पाजला.

डॉक्टर परत आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी लगेच पत्र दिलं, काम तात्पुरतं होतं आणि आता संपलं आहे असं. शिक्का मारला. मग चष्मा काढून म्हणाले, "तू येत जा. रजिस्टरला नाव नको. रोख देईन." माझा जीव भांड्यात पडला. ते पुढं म्हणाले, "फक्त असं देताना थोडं कमी जमेल, बघ." मी हो म्हणाले. उपकार वाटला तो मला. पुढं वर्षभरानं पैसे वाढवून मागितले तेव्हा ते हसत म्हणाले, "अगं, कागदावर तू आहेस कुठं?" तेव्हा कळलं, उपकार कुणी कुणावर केला होता ते. पण मी कुणाकडं दाद मागणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

पगार पुन्हा सुरू झाला, त्याला सात महिने लागले. मधले महिने गेले ते गेलेच. माय बाबांशी बोलायला लागली. आणि गावानं काय करावं? जे गाव चावडीवर ओरडलं होतं तेच आता मिठाची गुळणी धरून बसलं. कुणी परकं दिसलं आणि माझा विषय निघाला की म्हणायचं, "ती व्हय? घरीच असती बिचारी." रिक्षावाला मला फाट्यावर न सोडता थोडा अलीकडं सोडायचा. शेजारीण सांगायची, क्लासला जायली. एवढी माया, पण ती मला दिसेनाशी करण्यात खर्च होत होती. मी कामाचं घरीसुद्धा बोलायचं बंद केलं. कुठली म्हातारी काय म्हणाली, कोण हसलं, कोण भांडलं, सगळं खिडकीतच सोडून यायचे. आधी राग यायचा. आता नुसता शीण येतो. दिवसभर काम केल्याचा नाही, दिवसभर काम केलं नाही असं दाखवल्याचा.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. बुधवार होता, गर्दीचा दिवस, आमच्याकडं त्या दिवशी मोतीबिंदूची तपासणी मोफत असते. मी खाली मान घालून लिहीत होते. पुढचा माणूस आला, मी न बघता विचारलं, "नाव?" उत्तर आलं नाही. वर पाहिलं तर तलाठी मॅडम. हातात जुना चष्मा, काच तडकलेली.

"तू इथं?" त्या म्हणाल्या.

एका क्षणात सगळं डोळ्यांपुढून गेलं. मशिनवाल्याची हलणारी मान, मायचा अबोला, लिंबाखालचे बाबा. आणि तोंडातून निघालं, "मी पेशंट आहे मॅडम. लिहिणारी बाहेर गेलीय, मी आपलं माझाच कागद लिहीत होते."

बोलून मी उठले. पेन टेबलावर ठेवलं, पाय ओढत खिडकीच्या आतून बाहेर आले आणि पेशंटांच्या बाकावर जाऊन बसले. मॅडम क्षणभर उभ्या राहिल्या. मग त्यांनी मी माझा म्हणालेला कागद उचलून कंपाउंडरकडं दिला आणि म्हणाल्या, "हिला आधी घ्या. अपंग आहे, रांगेत कशाला बसवता?" कंपाउंडर माझ्याकडं बघतच राहिला. मी त्याला नजरेनंच सांगितलं. तो शहाणा, त्याला कळलं. माझी मान मागं करून दोन्ही डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब घातले आणि म्हणाला, "डोळे मिटून बसा, ताई." मी दोन वर्षं लोकांना हेच सांगत होते.

मॅडम येऊन माझ्याच शेजारी बसल्या. डोळे किलकिले केले की सगळं पसरट, पांढुरकं दिसत होतं, आणि त्यात माझी रिकामी खुर्ची. खिडकीपुढं रांग वाढत होती. माणसं एकमेकांना विचारत होती, कुठं गेली, कुठं गेली. कंपाउंडर एका हातानं थेंब घालत होता, दुसऱ्यानं कागद लिहीत होता, आणि नावं चुकवत होता.

गंगाखेडकडच्या एक आजी दर पंधरा दिवसांनी येतात. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. तरी जवळच्या माणसाचाही चेहरा त्यांना ओळखू येत नाही, मला त्या आवाजावरून ओळखतात. त्या चाचपडत आल्या, खिडकीची चौकट हातानं शोधली आणि म्हणाल्या, "पोरी, आले गं मी." आतून काही उत्तर आलं नाही. मग वळून आमच्या बाकाशी आल्या, माझ्या गुडघ्याला हात लागला.

"माय, इथं लिवणारी पोरगी असती, ती न्हाई का आज?"

मी तोंड उघडलं नाही. एक शब्द बोलले असते तर त्यांनी मला हाक मारली असती, मॅडमसमोर, नावानं.

आजी माझ्या उत्तराची वाट बघत उभ्या होत्या. शेवटी मॅडमच बोलल्या, हळू, माझ्याकडं न बघता. "आज ती आली नाही वाटतं, आजी."

तेव्हा मला कळलं की त्यांना सगळं माहीत होतं. खिडकीतून मला बघितलं तेव्हापासून.

"बीमार असल," आजी म्हणाल्या. "पाय दुखतो तिचा. तरी लय काम करती, लय." त्यांनी पिशवीतून थेंबाची बाटली काढून मॅडमच्या हातात दिली. "ह्ये किती येळा घालायचं ते तिलाच म्हाईत. दुसरं कुणी सांगितलं की माझ्या ध्यानातच राहत न्हाई." मॅडमनी बाटली डोळ्यांजवळ नेली, तडकलेल्या काचेतून वाचायचा प्रयत्न केला आणि परत दिली. त्यांना दिसलं नाही.

"जाऊ द्या," आजी म्हणाल्या. "गाडी निघंल माझी. पुढल्या खेपेला येते."

दिवसातून चार वेळा, सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि झोपताना, दोन थेंबांच्या मध्ये पाच मिनिटं. माझ्या अगदी ओठांवर होतं. आजी भिंतीला हात लावत लावत दारापर्यंत गेल्या, पायरीवर थांबल्या, पायानं पायरी चाचपली आणि उतरल्या. मी त्यांना हाक मारली नाही.